पाण्यात उभी रिकामी गाडी

सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातल्या एका शाखेत मी कृषी अधिकारी म्हणून रुजू झालो तेव्हा मॅनेजरच्या केबिनमध्ये एक चित्र टांगलेलं होतं. साल १९८३. एका खत कंपनीच्या कॅलेंडरचं पान. वर्ष संपल्यावर आमच्या शिपायाने तारखांचा भाग कात्रीने कापून टाकला होता आणि वरचं चित्र स्वतःच्या खर्चाने फ्रेम करून आणलं होतं. डावीकडे लाल कौलांचं एक जुनं घर, घराला टेकून झाडं, समोर उथळ पाण्याचा संथ प्रवाह आणि त्या पाण्यात मधोमध उभी असलेली एक घोड्यांची गाडी. काठावर कुत्रा. पलीकडे उजव्या बाजूला दूरवर पसरलेलं कुरण आणि वर ढगांनी भरलेलं मोठं आकाश. खाली बारीक इंग्रजी अक्षरांत चित्रकाराचं नाव होतं, जॉन कॉन्स्टेबल. ते वाचून आमच्या शिपायाने आणि रोखपालाने मिळून असा निष्कर्ष काढला होता की, हे चित्र कुणा विलायती पोलीस शिपायाने फावल्या वेळात काढलेलं आहे. ‘आपल्याकडचे हवालदार बघा आणि तिकडचे बघा,’ असं रोखपाल येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे.

बाहेर खिडकीतून दिसायचा तो मुलूख अगदी वेगळा. माळरान, बाभळी, वाळलेल्या ओढ्याचं पात्र आणि टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या घागरींची रांग. केबिनमध्ये कर्जदार येऊन बसला की, मॅनेजर बोलत असताना त्याची नजर हमखास त्या चित्राकडे जायची. माझीही जायची. वसुलीचे आकडे जुळत नसले, विभागीय कार्यालयाचा फोन येऊन गेला की, मी त्या पाण्याकडे बघत बसायचो. त्या वेळी मला त्याचं काही विशेष वाटलं नाही. भिंतीवर चित्र असतं, माणूस बघतो. पण पुढे नोकरी संपली, पाच-सहा कादंबऱ्या लिहून झाल्या, तरी ते चित्र मनातून गेलं नाही, तेव्हा मात्र हा काय प्रकार आहे, असा प्रश्न मला पडू लागला.

आपल्याकडे अशा चित्राला एक छान घरगुती शब्द होता. ‘सिनरी’. मध्यमवर्गीय घराच्या दर्शनी खोलीत लग्नाचा फोटो, देवाची तसबीर आणि एक सिनरी असायचीच. ती कुणी काढली, कुठली आहे, हे कुणी विचारायचं नाही. डोंगर, नदी, झोपडी, एखादी गाय किंवा गाडी असली की झालं. शाळेत चित्रकलेच्या तासाला ‘निसर्गचित्र काढा’ म्हटलं की, चाळीसच्या चाळीस मुलं तेच काढायची. दोन त्रिकोणी डोंगर, मध्ये अर्धा सूर्य, त्यातून निघालेली नदी, काठावर झोपडी आणि एक नारळाचं झाड. आमच्या तालुक्यात नारळाचं झाड औषधालाही नव्हतं. नदी तर वर्षातून पंधरा दिवस. तरी हात आपोआप तेच काढायचे. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसलेल्यांना हे चांगलं आठवेल. डोळ्यांसमोर नसलेलं गाव काढायला आपण इतक्या लहानपणी कुठून शिकलो?

परदेशी कॅलेंडरांनी ही आवड आपल्याला लावली, असं म्हणावं तर तेही खरं नाही. गोकुळ आपल्याकडे आधीपासून आहेच. गाई, यमुनेचा काठ, कळंबाचं झाड, शिदोऱ्या सोडून बसलेले सवंगडी. कामाचं आणि विसाव्याचं इतकं सुरेख लग्न दुसरीकडे क्वचित लागलं असेल. आणि आपल्या लोकांचं कौतुक असं की, त्यांनी या गोकुळाला बाजारही जोडून दिला. तमाशातल्या गवळणीत गौळणी दही-दूध घेऊन निघतात त्या मथुरेच्या बाजाराला, आणि वाटेत कृष्ण त्यांना अडवतो. म्हणजे गोकुळातलं दूध गोकुळात राहत नव्हतं, हे आपल्या शाहिरांना पक्कं ठाऊक होतं. असो.

त्या चित्राचा अर्थ मला पहिल्यांदा सांगितला तो कलासमीक्षकाने नव्हे, एका कर्जदाराने. साठीच्या आसपासचे, चार एकर कोरडवाहू जमिनीचे मालक. सगळं गाव त्यांना आबा म्हणायचं, मीही म्हणायचो. ग्रामीण विकासाच्या एका सरकारी योजनेखाली आम्ही त्यांना बैलगाडीसाठी कर्ज दिलं होतं. चौथा हिस्सा अनुदान, बाकी बँकेचं कर्ज, गाडी बँकेकडे नजरगहाण. कागदांवर अंगठे-सह्या चालल्या होत्या आणि आबा चित्राकडे बघत बसले होते. मी सहज म्हटलं, ‘आबा, गाडी अडकलेली दिसतेय पाण्यात.’

‘आडकली न्हाई, सायेब,’ आबा म्हणाले. ‘उभी केल्याली हाय. रिकामी गाडी कशी आडकंल? उन्हानं चाक वाळलं आसंल, धाव सैल झाली आसंल. म्हणून भिजत घातलीया.’ मग थोडं थांबून म्हणाले, ‘आनि घोडी बी पानी पित्यात. गाडीवाल्याला घाई न्हाई बघा.’

शहरी वाचकांसाठी सांगायला हवं. बैलगाडीचं चाक लाकडाचं, बहुधा बाभळीचं. त्यावर लोखंडाची पट्टी तापवून चढवलेली असते, तिला धाव म्हणतात. तापलेलं लोखंड निवताना आवळतं आणि आरे, तुंबा, सगळं चाक घट्ट धरून ठेवतं. पण उन्हाळ्यात लाकूड सुकून आकसतं आणि धाव ढिली पडते. मग चाकावर पाणी मारतात, ओली पोती गुंडाळतात, ओढ्याला पाणी असलं तर गाडी तिथेच उभी करतात. लाकूड फुगतं, धाव पुन्हा बसते. इंग्लंडमध्येही हेच करीत. या चित्रातली गाडी पाण्यात का आहे, याची जी कारणं जाणकार सांगतात त्यांत हेही एक आहे, हे मी पुष्कळ वर्षांनी पुस्तकात वाचलं. आबांनी ते खुर्चीत बसल्या बसल्या सांगितलं होतं.

पुढे मी या कॉन्स्टेबलच्या मागे लागलो. त्याचा जन्म १७७६चा, इंग्लंडच्या सफक परगण्यातल्या ईस्ट बर्गहोल्ट या गावचा. वडील सुखवस्तू. पाणचक्क्यांचे मालक, धान्याचे व्यापारी. स्टूर नदीच्या कालव्यांतून त्यांच्या मालाच्या होड्या चालत. फ्लॅटफर्डची त्यांची चक्की आणि शेजारचं विली लॉट नावाच्या शेतकऱ्याचं घर हाच या चित्राचा परिसर. तो विली लॉट ऐंशीहून अधिक वर्षं त्या घरात राहिला आणि उभ्या आयुष्यात चारच रात्री घराबाहेर झोपला, अशी तिकडे आख्यायिका आहे. मुलाने चक्कीचा धंदा बघावा अशी वडिलांची इच्छा होती. मुलाने ब्रश धरला. चक्की धाकट्या भावाने सांभाळली.

चित्र पुरं झालं १८२१ साली. मूळ नाव साधं होतं, ‘निसर्गदृश्य : दुपार’. एका धर्मगुरू मित्राने पत्रात त्याचा ‘हे वेन’, म्हणजे गवताची गाडी, असा उल्लेख केला आणि तेच नाव रूढ झालं. सुमारे सव्वाचार फूट उंच आणि सहा फूट लांब असा हा मोठा कॅनव्हास आहे. देवादिकांच्या आणि लढायांच्या चित्रांना शोभेल एवढी जागा या गृहस्थाने गवताच्या गाडीला दिली.

पण मला सगळ्यांत जास्त हलवून गेलं ते दुसरंच. उन्हाळ्यातली ही भर दुपार त्याने रंगवली ती लंडनमध्ये, घरातल्या चित्रशाळेत, मुख्यतः हिवाळ्याच्या दिवसांत. गाव मागे पडलं होतं. वडील १८१६ साली गेले, त्याच वर्षी त्याचं लग्न झालं, पाठोपाठ मुलं झाली, बायकोला क्षयाची बाधा. गावी जाणं कमी कमी होत गेलं. जवळ होती ती जुनी टिपणचित्रं आणि आठवण. गवताची गाडी नेमकी कशी असते हेही पुरतं आठवेना, म्हणून त्याने गावाकडून गाडीचं रेखाचित्र काढून मागवलं. एका मित्राच्या मुलाने ते काढलं आणि भावाने पाठवून दिलं. लंडनच्या धुरात, शेकोटीजवळ बसून हा माणूस गाडीच्या चाकाचा तपशील पत्राने मागवतो आहे, हे चित्र मला त्या चित्राइतकंच प्रिय आहे. गाव सोडून पुण्या-मुंबईला आलेल्या किती जणांनी भावाला पत्रं लिहून विचारलं असेल की, विहिरीवरचा आंबा मोहरला का?

त्याची पत्रं वाचली की, आणखी एक गोष्ट कळते. त्याला आवडणाऱ्या वस्तूंची यादी काही रम्य वगैरे नाही. चक्कीच्या बांधावरून निसटणाऱ्या पाण्याचा आवाज, कुजलेल्या फळ्या, शेवाळलेले खांब, जुनं वीटकाम. ही धंद्यातल्या माणसाच्या मुलाची यादी आहे. कुठली फळी बदलायला झाली आहे, हे त्याला कळत होतं. आकाशाचंही तसंच. पाणचक्कीइतकाच वाऱ्याच्या चक्कीशीही या घराचा संबंध. १८२१-२२च्या सुमारास त्याने हॅम्पस्टेडच्या टेकडीवर बसून नुसत्या ढगांची कितीतरी टिपणचित्रं केली आणि मागे तारीख, वेळ, वारा कुठल्या दिशेचा, हे लिहून ठेवलं. आमच्या पीकपाहणीच्या नोंदी इतक्या काटेकोर नसत.

आता बँकेतला माणूस म्हणून व्यवहार सांगतो. रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनात चित्र विकलं गेलं नाही. पुढच्या वर्षी पॅरिसच्या एका व्यापाऱ्याने सत्तर पौंड देऊ केले, ते याने नाकारले. अखेर १८२४ साली त्याच व्यापाऱ्याला हे आणि आणखी एक मोठं चित्र मिळून अडीचशे पौंडांत दिलं, वर एक छोटं चित्र भेट. पॅरिसच्या प्रदर्शनात मात्र या चित्राने खळबळ माजवली, फ्रान्सच्या राजाचं सुवर्णपदक मिळालं. चित्रकार स्वतः फ्रान्सला गेलाच नाही. तो आयुष्यात कधी इंग्लंडबाहेर पडला नाही. स्वदेशात अकॅडमीचं पूर्ण सदस्यत्व मिळायला १८२९ साल उजाडलं. बायको त्याच्या आदल्या वर्षी गेली होती. ज्या माणसासाठी ते हवं होतं तेच राहिलं नव्हतं.

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर माझ्यातला वसुली अधिकारी मला क्षमा करणार नाही.

ज्या काळात हे चित्र झालं तो काळ इंग्लंडच्या खेड्यांना अतिशय वाईट होता. १८१५ साली नेपोलियनबरोबरचं युद्ध संपलं, धान्याचे भाव कोसळले, युद्धावरून परतलेल्या माणसांना काम नव्हतं, मजुरी घसरली. १८१६ साली कॉन्स्टेबलच्याच पूर्व इंग्लंडमध्ये भाकरीसाठी दंगे झाले. १८२२च्या सुरुवातीला सफक आणि नॉरफकमध्ये मजुरांनी मळणीयंत्रं फोडली, गंजी पेटवल्या. जवळ किंवा दूर आग दिसली नाही अशी एकही रात्र जात नाही, असं भावाने त्याला कळवलं होतं आणि त्याने ते मित्राला लिहिलेल्या पत्रात उतरवलं आहे. म्हणजे त्याला सगळं ठाऊक होतं. हे पत्र चित्र पुरं झाल्यानंतर जेमतेम वर्षभरातलं. आणि चित्रात काय आहे? संथ पाणी, ढग, घराशी पाणी भरायला वाकलेली बाई, आणि दूर कुरणात पांढऱ्या ठिपक्यांएवढे गवत कापणारे मजूर. त्यांचे चेहरे दिसत नाहीत. जॉन बॅरेल या अभ्यासकाने १९८० साली यावर अख्खं पुस्तकच लिहिलं. मजूर लांब, लहान आणि कामात गढलेला असला की मगच तो मालकाच्या डोळ्यांना सुखावतो, असा त्यातला एकूण रोख आहे.

हे मला पटतं. कारण तशी नजर मी स्वतः वापरलेली आहे. कर्ज देण्याआधी तारण बघायला गेलो की, मी शेत असंच बघायचो, बांधावर उभं राहून, लांबून. पीक बरं दिसतंय, विहिरीला पाणी आहे, गडी कामावर आहेत. जवळ जाऊन गड्याला दिवसाची मजुरी किती, हे मी सहसा विचारत नसे. फॉर्ममध्ये तो रकाना नव्हता.

आणि आबांच्या गाडीचंही सांगायला हवं. आमच्या भागात १९८६चा पाऊस गेला, पुढच्या वर्षीचाही. आबांचे हप्ते थकले. वसुली मोहीम आली, शाखेला उद्दिष्ट आलं, थकबाकीदारांच्या याद्या झाल्या. नोटिशीवर माझी सही होती. आबांनी वाद घातला नाही. एका सकाळी ते स्वतःच गाडी हाकत बँकेच्या आवारात आले, बैल सोडले, जू खाली टेकवलं. जाताना मला एवढंच म्हणाले, ‘उन्हात ठिवू नका, सायेब. धाव निसटंल.’

आवारात सावलीला एकच लिंब होता. त्याखाली बँकेच्या मोटरसायकली लागत. गाडी उन्हातच राहिली. मार्च गेला, एप्रिल, मे. मनात आणलं असतं तर मला त्या मोटरसायकली हलवता आल्या असत्या. शिपायाला सांगून आठवड्यातून दोनदा चाकांवर चार बादल्या पाणी मारता आलं असतं. खरं सांगायचं तर पाणी नव्हतं असंही नाही. शाखेचा हौद भरलेला असायचा. पण गाडी आता ‘केस’ झाली होती, आणि केसला पाणी घालायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. जूनच्या आरंभी एका चाकाची धाव खरोखरच निसटून खाली पडली. मग दुसऱ्याची. आरे खिळखिळे झाले. लिलावात लोखंड भंगारवाल्याने नेलं आणि लाकूड वीटभट्टीवर गेलं. आलेली रक्कम आबांच्या खात्यात जमा केली. ती नोंद माझ्या हातची आहे. पुढे १९९० साली केंद्र सरकारने दहा हजारांपर्यंतच्या थकीत शेतीकर्जांना सूट दिली, त्यात आबांची उरलेली बाकी निल झाली, असं एका सहकाऱ्याने मला सांगितलं. मी तोवर बदलून दुसरीकडे गेलो होतो.

त्या उन्हाळ्यात मी केबिनमध्ये बसलो की, भिंतीवर पाण्यात उभी असलेली गाडी आणि खिडकीतून उन्हात उभी असलेली गाडी, अशा दोन्ही एकदम दिसायच्या. एकदा वाटलं चित्र काढून ठेवावं. काढलं नाही. उलट जास्तच बघू लागलो.

म्हणून ‘ही चित्रं खोटी आहेत’ असं कुणी ठणकावून सांगितलं की, मी मान डोलावतो, पण माझं समाधान होत नाही. खोट्या गोष्टीचं इतकं दुःख कसं होईल? फ्रान्सच्या मिलेने १८५७ साली सर्वा वेचणाऱ्या तीन बायका रंगवल्या. कापणी झालेल्या शेतात सांडलेली कणसं गोळा करणाऱ्या, पाठीतून वाकलेल्या. मागे सुगीच्या गंजी आणि घोड्यावर मुकादम. त्यात मजूर जवळ आहे, मोठा आहे, त्याचं दारिद्र्य लपवलेलं नाही. मिलेचं चित्र जास्त खरं आहे, यात वादच नाही. पण आमच्या केबिनमध्ये ते लावलं असतं, तर आबा त्याच्याकडे दुसऱ्यांदा बघते असं मला वाटत नाही. वाकलेली पाठ ते घरी रोज बघत होते. त्यांना पाण्यातली गाडी आवडली, कारण तिच्यातल्या माणसाला काम आहे आणि घाई नाही. जनावर तहानेलं असेल तर थांबायला वेळ आहे. चाक ढिलं झालं तर ते भिजवायला पाणी आहे. गाडी रिकामी आहे आणि गवत पलीकडे तयार आहे. माझ्या मते अशा चित्रांचं सगळं मर्म या बारीक गोष्टींत आहे. निसर्ग सुंदर आहे, ही बातमी काही शेतकऱ्याला नवी नसते.

म्हणूनच आजकाल रोज सकाळी मोबाइलवर येणारी सूर्योदयाची, धुक्याची, ट्यूलिपच्या मळ्यांची चित्रं मला मुळीच हलवत नाहीत. त्यांच्यात कुणी काम करीत नाही. महामार्गावरच्या हॉटेलांच्या भिंतींवर बैलगाडीची चाकं टांगलेली असतात, त्यांना वॉर्निश मारलेलं असतं, मध्ये दिवा लावलेला असतो. आमची सून म्हणते, किती छान दिसतं. दिसतं खरं. मी जेवताना त्या चाकाची धाव घट्ट आहे का ते बघतो आणि बायको मला टेबलाखालून पाय मारते.

कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांच्या चित्रांसमोर मात्र मी असाच थबकतो. मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकलेला हा मोठा चित्रकार पुन्हा कोल्हापुरात आला, शाहू महाराजांच्या आश्रयाने राहिला आणि कोटितीर्थाच्या काठी फकिरासारखा राहून तिथलंच पाणी, तिथलीच झाडं, तिथलाच उजेड रंगवीत १९३१ साली गेला. त्यांच्या चित्रांची कॅलेंडरं खत कंपन्यांनी काढली असती, तर आमच्या रोखपालांना हवालदाराचं कौतुक करावं लागलं नसतं. हा आपल्या घरचा करंटेपणा. त्याबद्दल पुन्हा केव्हातरी.

इंग्लंडमध्ये १८५१च्या जनगणनेत पहिल्यांदा निम्म्याहून अधिक माणसं शहरांत राहणारी निघाली आणि त्यानंतर कॉन्स्टेबलच्या चित्रांची लोकप्रियता वाढतच गेली. १८८६ साली ‘हे वेन’ लंडनच्या नॅशनल गॅलरीला भेट म्हणून मिळालं. आपल्या महाराष्ट्रात २०११च्या जनगणनेनुसार ४५ टक्क्यांहून अधिक लोक शहरात राहतात. त्यामुळे कृषी पर्यटन केंद्रात पैसे मोजून बैलगाडीत बसणाऱ्यांना मी हसत नाही. कॉन्स्टेबल हयात असतानाच त्याच्या मुलखाला त्याचं नाव पडलं होतं. एकदा घोडागाडीतून प्रवास करताना तो शेजारच्या उतारूला म्हणाला की, हा प्रदेश सुंदर आहे. तो उतारू म्हणाला, हो, हा कॉन्स्टेबलचा मुलूख. त्याने पुढे काही बोलून विरस करू नये म्हणून याने घाईघाईने आपली ओळख सांगून टाकली.

लोकांचं या चित्राशी असलेलं भांडणही तितकंच जुनं प्रेमाचं आहे. १९८० साली पीटर केनर्ड या कलावंताने या गाडीवर क्षेपणास्त्रं लादलेली दाखवली. २०२२च्या जुलैत तेलविरोधी आंदोलनातल्या दोन तरुण मुलांनी चित्रावर एक बदललेली प्रत चिकटवली, नदीच्या जागी डांबरी रस्ता आणि आकाशात विमानं, आणि स्वतःचे हात चौकटीला चिकटवून घेतले. मूळ चित्राचं फारसं नुकसान झालं नाही. पण गंमत बघा, पृथ्वी वाचवा म्हणणाऱ्यांनी चित्र निवडलं तेही हेच. ज्याचं जाणं माणसाला सोसवत नाही त्याच्याच अंगावर तो हात टाकतो.

पुढच्या वर्षी, २०२३ साली, मुलीकडे गेलो होतो तेव्हा मी ते प्रत्यक्ष पाहिलं. गॅलरीला प्रवेशमूल्य नाही, याचं मला बँकवाल्याला अप्रूप. मुलगी म्हणाली, बाबा, इथे कितीतरी मोठी चित्रं आहेत, तुम्ही सरळ कॅलेंडरकडे काय निघालात? मूळ चित्र कॅलेंडरपेक्षा फार खडबडीत निघालं. पाण्यावर, पानांवर पांढऱ्या रंगाचे बारीक ठिपके टाकलेले आहेत, ओल चमकावी म्हणून. कॅलेंडरमध्ये ते सगळे पुसले गेले होते. घोड्यांच्या पट्ट्यांचा लाल रंग त्या हिरव्यात असा पेटून उठतो की, नजर फिरून फिरून गाडीकडेच येते. कुत्र्याजवळ काठावर आधी काहीतरी होतं आणि मग त्याने ते रंगाने झाकलं, त्याची सावली अजून जाणवते. उजवीकडे झुडपांत लाल रुमालवाला मासे धरणारा माणूस आहे, तो मला चाळीस वर्षांत कधी दिसलाच नव्हता. आणि खूप लांब, कुरणात, एक गाडी गवताने भरून उभी आहे. तीही कॅलेंडरवाल्याने घालवली होती.

मी चाक बघायला पुढे वाकलो. धाव दाखवली आहे की नाही, ते मला बघायचं होतं. पाण्याची रेषा चाकावर कुठपर्यंत आली आहे, तेही. जरा जास्तच वाकलो असेन. तिथला रखवालदार, माझ्याच वयाचा, अगदी सभ्यपणे जवळ आला आणि थोडं मागे सरकायला सांगून गेला. आंदोलनाच्या प्रकरणानंतर त्यांना काळजी घ्यावी लागत असणार. मुलगी ओशाळली. मी मागे सरलो.

‘काय बघत होता एवढं?’ तिने विचारलं.

‘चाक,’ मी म्हटलं.

ती शेजारी येऊन उभी राहिली, तिनेही बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, ‘अडकलंय का?’